सामानातले तीन किलो



२०२५ च्या मे महिन्यात आम्ही सगळे बर्लिनला जाऊन आलो, हे आपल्या गोतावळ्यात बहुतेकांना ठाऊक आहे. "प्रवासवर्णन कधी लिहिणार?" म्हणून आमच्या वन्संनी तीनदा विचारून झालं. तर वन्सं, प्रवासवर्णन येणार नाही. बर्लिनमध्ये काय काय बघावं हे सांगणारी पुस्तकं खंडीभर आहेत. मला लिहायचंय ते आमच्या नातीच्या स्केट्सबद्दल. हो, तेच चाकांचे बूट. ते सामानात घ्यायचे की नाही यावरून आमच्या घरी जो वाद झाला, त्यात मी विरोधी पक्षात होते आणि हरले. हरले ते बरं झालं असं आता माझं मत आहे, म्हणून हा खटाटोप.

ज्यांच्या घरात हे प्रकरण नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. माझ्या लेकीच्या लहानपणी स्केट्सना मोटारीसारखी पुढे दोन, मागे दोन अशी चाकं असत. अजूनही नवशिकी मुलं त्यावरच शिकतात. पुढची पायरी म्हणजे इनलाइन. त्यात तीन किंवा चार मोठी चाकं एका ओळीत, एकामागे एक. नातीची जोडी साधारण तीन किलोची. शिवाय हेल्मेट आणि गुडघे, कोपरं, मनगटं यांची चिलखतं. विमानात माणशी २३ किलो सामान. त्यात जावयांच्या धाकट्या भावासाठी (तो तिकडे नोकरीला आहे) भाजणी, गोडा मसाला, मेतकूट, भाकरवडी हे सगळं न्यायचं. मी हिशेब मांडला आणि म्हटलं, स्केट्स राहू देत. परदेशात जाऊन तेच करायचं असेल तर इथलं मैदान काय वाईट आहे?

खरं सांगायचं तर किलोंचा मुद्दा वरवरचा होता. नात नववीतून दहावीत गेली होती. मे महिन्याची व्हेकेशन बॅच बुडवून आम्ही निघालो होतो. दहावी आली की स्केटिंग बंद, हे घरात ठरलेलं होतं, आणि ते ठरवण्यात माझा हात मोठा होता. ज्या गोष्टी सोडायच्या त्या लवकर सोडाव्यात, उगाच चटक वाढवू नये, असं माझं म्हणणं. लेक म्हणाली, "आई, शेवटचं म्हणून घेऊ दे तिला." त्या 'शेवटचं' शब्दावर मी गप्प बसले. नात काहीच बोलली नाही. ती त्या दिवसांत कुणाशीच फारसं बोलत नव्हती.

माझी स्वतःची तयारी वेगळीच होती. दोनशे पानी वहीत मी यादी केली होती. बाई निवृत्त झाल्या तरी वही काही निवृत्त होत नाही! पहिल्या क्रमांकावर पर्गमॉन म्युझियम. बॅबिलॉनचं इश्तार द्वार तिथे आहे. वर्षानुवर्षं पुस्तकातल्या काडेपेटीएवढ्या चित्रावर मी बॅबिलॉन शिकवलं, तर ते निळं द्वार एकदा डोळ्यांनी बघावं एवढीच इच्छा. पोचल्याच्या रात्री वही काढली, तर जावयांचा भाऊ संकोचून म्हणाला, "काकू, ते म्युझियम दुरुस्तीसाठी २०२३ च्या ऑक्टोबरपासून बंद आहे." घरातल्या चार मोठ्या माणसांपैकी कुणीही आधी बघितलं नव्हतं. यादी करणारी मी, तेव्हा दोष माझाच.

तर अशा रीतीने तिसरा दिवस मोकळा पडला. तो रविवार होता. जर्मनीत रविवारी दुकानं बंद असतात, त्यामुळे लेकीची खरेदीही नाही. "शेजारीच टेंपलहोफ आहे, तिथे जाऊ, स्केट्स आणलेतच ना," असं काका म्हणाला आणि निघालो.

टेंपलहोफ हा पूर्वीचा विमानतळ. २००८ च्या ऑक्टोबरमध्ये तो बंद झाला आणि २०१० च्या मे महिन्यात लोकांसाठी खुला झाला. तीनशे हेक्टरांहून मोठं मैदान, भर शहरात. तिथे इमारती बांधायचा घाट घातला गेला तेव्हा २०१४ साली लोकांनी मतदान करून तो हाणून पाडला. (आपल्याकडे अशा जागेचं काय झालं असतं हे लिहून मन विटवत नाही.) धावपट्ट्या जशाच्या तशा आहेत. दोन धावपट्ट्या, प्रत्येकी सुमारे दोन किलोमीटर लांब, आणि आपला लक्ष्मी रस्ता तीनदा शेजारी शेजारी मांडला तरी जागा उरेल इतक्या रुंद. प्रवेशाला पैसे नाहीत. लोक सायकली चालवतात, पतंग उडवतात, एक जण तर चाकांच्या फळीवर शीड लावून वाऱ्याने पळत होता. मधल्या गवतात चंडोलाच्या जातीचे पक्षी घरटी करतात म्हणून विणीच्या दिवसांत तो भाग कुंपण घालून राखलेला असतो. वर आकाशात त्यांचं गाणं चाललेलं, पक्षी काही दिसत नाही.

नात बूट बांधून उभी राहिली आणि गेली. बघता बघता टिकलीएवढी झाली. वारा पाठीवर होता. माझ्या पोटात गोळा आला, पण तिथे ना मोटार, ना रिक्षा, ना उलट्या दिशेने येणारा स्कूटरवाला. वीसेक मिनिटांनी ती वाऱ्याशी झुंजत परत आली. तोंड लाल. आणि म्हणाली, "आजी, वळायचंच नाही!"

मला कळलं नाही. मग तिने सांगितलं. ती पाच वर्षं स्केटिंग करते. पहाटे साडेपाचला उठून ट्रॅकवर जाते. तो ट्रॅक दोनशे मीटरचा, लंबगोल, आणि फिरायचं नेहमी घड्याळाच्या उलट दिशेने. म्हणजे दोन किलोमीटरला दहा फेरे, वीस वळणं, आणि वीसही डावीकडचीच. रस्त्यावर स्केटिंगला आपल्याकडे जागा कुठे आहे? फुटपाथवर दुचाकी, रस्त्यावर खड्डे, खड्डे नसतील तिथे गतिरोधक. पाच वर्षांत ही मुलगी एकदाही दोन किलोमीटर सरळ गेली नव्हती. आमच्यापैकी कुणाच्याही हे लक्षात आलं नव्हतं. फी भरणाऱ्यांच्या नाही, पहाटे दूध गरम करून देणारीच्या, म्हणजे माझ्याही नाही.

"इथेच करायचं होतं, तिकडे जाऊन कशाला?" या माझ्याच प्रश्नाचं उत्तर मला असं मिळालं. इथे ती जे करते आणि तिथे तिने जे केलं ते एक नव्हतंच.

त्या दिवशी आणखी एक झालं. बाकावर बसून ती बूट सोडत होती तेव्हा मी तिला इथल्या विमानांची गोष्ट सांगायला लागले. वहीत ती सातव्या क्रमांकावर होती. १९४८ च्या जूनमध्ये सोव्हिएत फौजांनी पश्चिम बर्लिनचे रस्ते आणि रेल्वे अडवली, तेव्हा अमेरिकन आणि ब्रिटिश विमानांनी जवळजवळ वर्षभर या शहराला अन्न आणि कोळसा पुरवला, आणि टेंपलहोफ हा त्यातला एक मुख्य विमानतळ होता. कुंपणापाशी उभी राहून विमानं बघणाऱ्या पोरांसाठी गेल हॅल्व्होर्सन नावाचा वैमानिक रुमालाच्या इवल्याशा हवाई छत्र्या करून चॉकलेटं खाली सोडायचा. आपलं विमान पोरांना ओळखू यावं म्हणून तो पंख हलवायचा. पुढे १०१ वर्षांचा होऊन तो २०२२ साली गेला. वर्गात ही गोष्ट मी चाळीस जणांना सांगायची तर खिडकीबाहेर बघणारे तीस. नातीने विचारलं, "कुठलं कुंपण? कुठल्या बाजूने यायची विमानं?" आणि मोजे चढवून पुन्हा त्या दिशेला गेली. आपण ज्या जमिनीवर घाम गाळलाय तिच्याबद्दल माणूस प्रश्न विचारतं.

आता तुम्ही म्हणाल, बाई हुरळल्या. तसं नाही. स्केट्स नेण्यात अडचणी आहेत आणि त्या सांगायलाच हव्यात.

पहिली म्हणजे रस्ते. बर्लिनचे फुटपाथ दिसायला सुंदर, पण मधे मोठ्या सपाट फरश्या आणि दोन्ही अंगांना लिंबाएवढे दगड बसवलेले. जुन्या गल्ल्यांत तर रस्ताच दगडांचा. नात चौथ्या दिवशी घरापासूनच स्केट्स घालून निघाली आणि कोपऱ्यावर चाक दगडांच्या फटीत अडकून सपशेल आडवी झाली. मनगटाचं चिलखत होतं म्हणून हाड वाचलं, कोपर मात्र सोलपटलं. मी रस्त्यातच तिला रागावले, लेक माझ्यावर रागावली, जावई नकाशा बघत उभे राहिले. असो. तेव्हापासून मैदानापर्यंत चपला आणि स्केट्स पिशवीत, हा नियम झाला.

दुसरी म्हणजे कायदा. जर्मनीत स्केट्स घातलेला माणूस कायद्याने पादचारी असतो. त्याने फुटपाथवरूनच जायचं. सायकलींच्या गुळगुळीत पट्ट्यावर जायचं असेल तर तशी परवानगी देणारी पाटी तिथे हवी. आम्हाला हे एका सायकलस्वार आजोबांनी घंटी वाजवून वाजवून शिकवलं. जिथे जाल तिथला नियम आधी विचारून घ्या. स्पर्धेच्या स्केट्सना ब्रेक नसतो, हेही ध्यानात असू द्या. अठराव्या शतकात लंडनमध्ये जॉन जोसेफ मर्लिन नावाचा एक करामती कारागीर चाकांच्या बुटांवर व्हायोलिन वाजवत मेजवानीत शिरला आणि थांबता न आल्याने मोठ्या किमती आरशावर आदळला, अशी कथा सांगतात. ही विद्या सुरू झाल्यापासून थांबण्याचा प्रश्न आहेच!

विम्याचंही बघा. शेंगेन व्हिसासाठी निदान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतोच, पण पॉलिसीच्या बारीक अक्षरांत साहसी खेळ वगळलेले असू शकतात. स्केटिंग त्यात धरलंय की नाही, ते एजंटाकडून लेखी घ्या. एजंट "काही होत नाही हो" म्हणाला तर नक्की घ्या.

काही जण म्हणतील, तिकडे भाड्याने मिळत असतील की. मिळतही असतील. पण भाड्याचे स्केट्स म्हणजे दुसऱ्याची कवळी. पायाला बसतील त्या दिवशी परतीचं विमान. न्यायचे तर स्वतःचे न्यावेत, आणि जे मूल घरी खेळतं त्याचेच. सहलीसाठी नवे घेऊन तिकडे शिकवायचा बेत केलात तर सुट्टी हॉस्पिटलात जाईल. रोम, प्राग अशा दगडी रस्त्यांच्या जुन्या शहरांत किंवा चढउताराच्या गावात मी नेणार नाही. वजनाचं म्हणाल तर बूट पोकळ असतात हे मला उशिरा सुचलं. एकेका बुटात मोज्यांच्या दोन जोड्या आणि मेतकुटाची पुडी आरामात बसली. चाकं आवळायची छोटी चावी मात्र चेक-इनच्या बॅगेत टाका.

त्या चावीवरून आठवलं. पाचव्या की सहाव्या दिवशी टेंपलहोफवर आठ-नऊ वर्षांची एक मुलगी रडवेली होऊन बसली होती. तिच्या स्केटचं चाक ढिलं होऊन डगडगत होतं. त्या भागात तुर्की कुटुंबं बरीच आहेत, त्यातली असावी. डोक्याला रुमाल बांधलेली आजी जवळ बसलेली. नातीने चावी काढली, चाक काढलं, बेअरिंग पुसलं, पुन्हा बसवलं, फिरवून दाखवलं. कुणाला कुणाची भाषा येत नव्हती. त्या आजीने आमच्या हातावर भाजलेल्या भोपळ्याच्या बिया ठेवल्या, मी भाकरवडी दिली. मग त्या दोघी पोरी तासभर हातात हात घालून फिरल्या. मोठीने धाकटीला वाकून बसायला शिकवलं. घरात जेवताना हूं की चूं न करणारी ही मुलगी संध्याकाळभर बोलत होती, सोळा चाकांपैकी कुठली किती झिजलीत इथपर्यंत.

सगळ्यात मोठी गोष्ट शेवटी लिहिते, कारण ती लिहायला जड आहे. स्केटिंग करणाऱ्या मुलांची नजर सतत जमिनीवर असते. खडा, फट, ओलं पान, सगळं दिसतं. मी वर बघत चालत होते, गॅलऱ्या आणि कमानी बघत. नात खाली बघत होती. तीच थांबली आणि म्हणाली, "आजी, इथे नावं आहेत." घराच्या दारासमोर फुटपाथच्या दगडांत तळहाताएवढे पितळी चौकोन बसवलेले होते. चार. काकाने वाचून दाखवलं. 'इथे राहत होते', मग नाव, जन्मसाल, कधी पकडून नेलं, कुठे मारलं. नाझींनी ज्यांना त्या घरातून नेलं त्यांची नावं त्यांच्याच दारात. गुंटर डेमनिग नावाच्या कलावंताने १९९० च्या दशकात हे काम सुरू केलं आणि २०२३ सालापर्यंत युरोपभर असे एक लाख दगड बसवून झाले. जर्मन भाषेतल्या त्यांच्या नावाचा अर्थ ठेच लागणारे दगड, असा आहे. पाय अडखळत नाही, नजर अडखळते. चारांतलं एक मूल नातीहून लहान होतं. तिने जन्मसाल वजा करून बघितलं आणि काही बोलली नाही. पुढे सबंध रस्ताभर ती असे दगड शोधत गेली आणि प्रत्येकापाशी थांबली. माझ्या वहीत मोठं स्मारक होतं, तेही आम्ही पाहिलं. पण त्या दारातल्या दगडांवरून मी दोनदा चालून गेले होते, मला दिसले नव्हते.

आता दहावीचं. ३३ वर्षांच्या नोकरीत मी किती पालकांना सांगितलं असेल, "यंदा खेळ बंद करा हो, एकच वर्षाचा प्रश्न आहे." राज्य पातळीवर खेळलेल्याला दहावीला सवलतीचे गुण मिळतात, तेवढ्यापुरताच खेळाचा उपयोग मला ठाऊक. आमच्या शाळेत खो-खो फार छान खेळणारा एक मुलगा होता. मी त्याच्या वडिलांना बोलावून घेतलं, खेळ बंद करायला लावला. त्याला ७१ टक्के पडले, मला धन्यता वाटली. कितीतरी वर्षांनी तो बसस्टँडवर भेटला, वाकून नमस्कार केला, बायकोची ओळख करून दिली. बोलता बोलता हसत म्हणाला, "बाई, टक्के आता कुणी विचारत नाही. पण त्या वर्षी आपल्या शाळेनं जिल्हा मारला आणि मी बाहेर उभा होतो, ते अजून आठवतं." तक्रार म्हणून म्हणाला नाही. म्हणूनच मला ते जास्त लागलं असावं, पण तेव्हा मी ते झटकून टाकलं होतं. बर्लिनच्या धावपट्टीवर, टिकलीएवढ्या नातीकडे बघताना ते पुन्हा आठवलं.

परत आल्यावर जूनमध्ये मीच लेकीपाशी विषय काढला. ती आश्चर्याने बघत राहिली. "आई, तूच म्हणाली होतीस." होय, मीच म्हटलं होतं. आता मी उलट म्हणते आहे. एका वर्षाचा प्रश्न आहे हे खरंच, पण पंधराव्या वर्षातलं ते एक वर्ष परत येत नाही आणि दिवसाचा दीड तास काढून घेतल्याने तो अभ्यासात जातो असा माझा अनुभव नाही. तो मोबाइलमध्ये जातो, नाहीतर छताकडे बघण्यात. बंदच करायचं असेल तर मुलीला विचारून, तिच्या तोंडून येऊ द्या. आम्ही तिला विचारलंच नव्हतं.

घरात एकमत अजून नाही. जावयांना पटलेलं नाही, आणि त्यांची काळजी खोटी आहे असं मी म्हणत नाही. सध्या तह असा, की आठवड्यातून तीन पहाटा ट्रॅक आणि बाकीच्या क्लासच्या. स्पर्धा नाहीत. सप्टेंबरमध्ये चेन्नईच्या आनंदकुमार वेलकुमारने जागतिक स्पर्धेत भारताला स्पीड स्केटिंगचं पहिलं सुवर्णपदक मिळवून दिलं, तेव्हा नातीने तो व्हिडिओ बाबांना मुद्दाम दाखवला. बाबांनी तो पूर्ण पाहिला आणि मग विचारलं, "भूमितीचं काय झालं?"

काल रविवारी ती ओट्यावर बसून चाकं बदलत होती. डावीकडे वळून वळून चाकं एकाच अंगाने झिजतात, म्हणून मधूनमधून डाव्या बुटाची उजव्या बुटाला लावायची असतात. स्क्रू हरवू नयेत म्हणून वाटी माझ्या हातात. दुसऱ्या हातात मराठीचं पुस्तक. मी धडा वाचत होते आणि ती खाली मान घालून, चावी फिरवत, मधेच "आजी, परत वाच" म्हणत होती. सराव परीक्षा डिसेंबरात आहे.